केशर-वेलचीची बाटली

गुरुनाथची रंगाच्या कंपनीतली नोकरी गेली, तेव्हा अमेरिकेतल्या ट्रॉय गावातली निम्मी मराठी मंडळी आज ना उद्या आपलीही पाळी येणार म्हणून धास्तावलेली होती. गुरुनाथ मात्र हातावर हात धरून बसणाऱ्यांतला नव्हे. देवांग नावाच्या मित्राबरोबर त्याने गॅरेजमध्ये इलेक्ट्रॉनिक सिगारेटचं लिक्विड बनवायला घेतलं. बॅटरीवर चालणारी ही सिगारेट तेव्हा नुकतीच अमेरिकेत आली होती, आणि तिच्यात भरायच्या निकोटिनच्या रसाला कुठले नियम लावायचे, हे सरकारलाही धड ठाऊक नव्हतं. मग काय, रान मोकळं!

असल्या पाच-सहा विक्रेत्यांनी मिळून एक असोसिएशन काढली आणि स्वतःच स्वतःसाठी नियम केले. प्रत्येक बॅच बाहेरच्या लॅबमधून तपासायची, बाटलीला लहान मुलांना उघडता येणार नाही असं झाकण लावायचं. ऐकायला सगळं झकास. पाळायचं कधी, तर नवीन वर्षापासून. तोवर ज्याने त्याने आपल्या मनाला विचारून ‘तपासलेले आहे’ असा हिरवा शिक्का बाटलीवर छापावा. पेपर सोडवायचा आपणच आणि तपासायचाही आपणच!

तो शिक्का काढला वीणाने, गुरुनाथच्या बायकोने. ऑफिसातून आली की लेबलं तीच डिझाइन करायची. देशी गिऱ्हाइकांसाठी केशर-वेलचीचा फ्लेवर निघाला, तेव्हा तिने लेबलावर केशराच्या काड्या आणि वेलदोडे असे काही सुरेख काढले की देवांग खूश झाला. निकोटिनचा आकडा राहिला तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत. अरे, घरात पाच वर्षांची पोर आहे, ही साधी झाकणं नकोत, असं वीणाने दोनदा सांगून पाहिलं. आणलेली झाकणं आधी संपू देत, असं गुरुनाथचं म्हणणं. आणि लॅबचं काय? लॅबवाले फार वेळ लावतात यार, दिवाळीची ऑर्डर हातची जाईल, असं देवांगचं. वीणाने मग लेबलावर तो हिरवा शिक्का छापून दिला. इथेच माशी शिंकली.

नव्या फ्लेवरची एक बाटली गुरुनाथने शेजारच्या राजीवला दिली. राजीवला सिगारेट सोडायची होती, आणि आपण ती ओढतो हे पुण्याहून आलेल्या आईपासून लपवायचंही होतं. आई म्हणजे शैलजाकाकू. वीणाची मुलगी राधिका शाळेतून आली की वीणा ऑफिसातून येईपर्यंत काकूंकडेच असायची. तर राजीवने बाटली लपवली कुठे? स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटात, मसाल्यांच्या मागे. अक्कल कुठे गहाण टाकली होती कोण जाणे.

दसऱ्याला काकूंनी श्रीखंड केलं. ऐन वेळी केशराची डबी रिकामी निघाली. शोधता शोधता ती बाटली हाताला लागली. वर केशर, वेलदोडे, तपासल्याचा हिरवा शिक्का. झाकण उघडलं तर वासही अगदी हवा तसा. बारीक अक्षरं त्यांना चष्मा लावूनही दिसली नसती. नैवेद्याच्या वाटीत त्यांनी सढळ हाताने ती बाटली रिकामी केली. बोटभर चाखलं असतं तर जीभ चरचरली असती, पण देवाच्या आधी चाखायचं कसं? जन्मात त्यांनी कधी नैवेद्य चाखला नव्हता. राधिका शाळेतून येईपर्यंत त्या थांबल्या, देवाला वाटी दाखवली आणि मग तिच्या हातात दिली. घरातलं लहान मूल, पहिला मान तिचा. पोरीने पहिल्याच घासाला तोंड वाकडं केलं. प्रसाद टाकायचा नसतो राणी, असं म्हणून काकूंनी तिला लाडाने भरवत वाटी संपवायला लावली.

थोड्याच वेळात राधिका ओकायला लागली, तोंडातून लाळ गळू लागली, अंग थरथरू लागलं. काकूंच्या हाका ऐकून शेजारणीने ॲम्ब्युलन्स बोलावली. राजीव ऑफिसातून धावत आला, ओट्यावरची बाटली पाहिली आणि ती उचलून हॉस्पिटलकडे धावला.

हॉस्पिटलात पोचलेल्या गुरुनाथ-वीणाला डॉक्टरीणबाई एकच विचारत होत्या, ह्यात निकोटिन नेमकं किती आहे? पोरीच्या पोटात किती गेलंय, ते त्यांना कळायला हवं होतं. लेबलावर आहे तेवढंच, एका मिलिलिटरला चोवीस मिलिग्रॅम, असं गुरुनाथ म्हणाला. वीणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“खोटं बोलू नकोस, गुरू. आत आपली पोर आहे.”

गुरुनाथने मान खाली घातली.

“मला माहीत नाही,” तो म्हणाला. “ती बॅच आम्ही तपासलीच नाही.”

डॉक्टरीणबाईंनी शिक्क्यावर बोट ठेवलं आणि मग हे कोणी छापलं म्हणून विचारलं. मी, असं वीणाने सांगितलं. त्या घाईघाईने आत गेल्या.

त्याच संध्याकाळी राधिका गेली.

काकू बाकावर बसून होत्या. कोणीही जवळ आलं की त्याचा हात धरून रडत रडत तेच तेच सांगायच्या, नैवेद्य होता हो, म्हणून मी चाखला नाही. राजीवने समजावलं, नर्सने पाणी दिलं, त्या काही थांबेनात. शेवटी वीणाच उठून त्यांच्यापाशी बसली. तिच्या डोळ्यांत पाणीसुद्धा नव्हतं.

“काकू, तुम्ही नका रडू,” ती म्हणाली. “चाखायचं काम आमचं होतं.”