वर फळे, खाली कागद

मित्रांनो, माझ्यावर एकदम विश्वास ठेवू नका. मी एक जुनी वेताची टोपली आहे, आणि भरलेल्या टोपलीवर विश्वास ठेवू नये हे मी टोपली असूनच शिकले. आज माझी एक कड उसवली आहे, मुठीचा रंग उडाला आहे. पण एके काळी एका मोठ्या हॉटेलात मी मानाची टोपली होते. केराची टोपली म्हणजे माझी चुलत बहीण. तिला बघून सगळे नाक मुरडत आणि मला बघून खूश होत. आता वाटते, बहीणच जास्त प्रामाणिक होती. तिच्या पोटात जे असे, तेच वर दिसे.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे एक म्हातारी आणि तिची सून वेत विणत. वेत आधी पाण्यात भिजवावा लागतो. कोरडा वाकवायला गेले तर तो मोडतो. सुनेला कडेची नक्षी घालायची फार घाई असे. म्हातारी तिच्या हातावर चापट मारून म्हणायची, "आधी तळ घट्ट विण, बाई. कड लोक बघतात, पण भार तळच सोसतो." मी तेव्हा अर्धवट विणलेली होते, तरी ते वाक्य माझ्या अंगात विणले गेले.

तिथून मी समुद्रकाठच्या त्या हॉटेलात आले. ते हॉटेल जरा निराळे होते. तिथल्या काही खोल्या आठवड्याआठवड्याने विकलेल्या होत्या. म्हणजे असे समजा, एका कुटुंबाने एकदाच मोठी रक्कम भरून एका खोलीचा वर्षातला एक आठवडा कायमचा विकत घेतला. त्या आठवड्यापुरते तेच खोलीचे मालक. पुढच्या आठवड्याला दुसरे कुणी मालक. याला टाइमशेअर म्हणतात. बाकीच्या खोल्यांमध्ये रोजचे भाडे देणारे साधे पाहुणे उतरत. मालक लोक आले की मला फळांनी भरून त्यांच्या खोलीत पाठवत, हे माझे काम.

माझी जागा स्वागताच्या टेबलावर होती, त्यामुळे सगळी भांडणे माझ्या कानावर पडत. एखादा मालक टेबलावर बोटे आपटत म्हणे, "आम्ही इथले मालक. मग जेवणात सूट का नाही? चहाचे पैसे वेगळे का?" मागे उभा असलेला पाहुणा लगेच तोंड वाकडे करी. "पूर्ण भाडं आम्ही देतो आणि फळं यांना! आम्ही काय तुमचं घोडं मारलंय?" मला दोघांचाही संशय येई. मालकाला खरेच सूट हवी होती, की पाहुण्यापेक्षा एक पायरी वर उभे राहायचे होते? आणि पाहुण्याला फळे हवी होती, की मालकाची फळे गेलेली बघायची होती? मॅनेजरसाहेब दोघांकडे बघून सारखेच गोड हसत. त्या हसण्याचा मला सगळ्यात जास्त संशय येई.

पहिली काही वर्षे बरी गेली. स्वयंपाकघरातली मावशी मला तळापासून भरायची. खाली सफरचंदे, मग संत्री, वर द्राक्षांचे घोस. मी जड झाले की पोऱ्यांना दोन हातांनी उचलावे लागे आणि मला फार अभिमान वाटे. मग नवे मॅनेजरसाहेब आले, तेही तसेच गोड हसणारे. त्यांनी एक दिवस मावशीला सांगितले, "खाली कागदाचे बोळे भरा. फळं फक्त वर."

मावशी म्हणाली, "साहेब, लोक काय म्हणतील?"

"काही म्हणत नाहीत. लोक वरचं खातात आणि आठवडा संपला की जातात."

आणि खरेच, कुणी काही म्हटले नाही. उलट माझे कौतुक वाढले. हॉटेलच्या जाहिरातीवर माझा फोटो छापला आणि खाली लिहिले, 'मालकांचा मान'. फोटो काढतानाही माझ्या पोटात कागदच होता.

हळूहळू माझ्या एक गोष्ट लक्षात आली. पोहण्याचा तलाव बंद असला की मालकांच्या खोलीत मी जायची. गरम पाणी येईनासे झाले की मी जायची. आणि ज्या दिवशी माझ्या मुठीला लाल रिबीन बांधत, त्या दिवशी तर माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकायचीच. रिबीन असली की समजावे, आज कुणाचे तरी मोठे काहीतरी जाणार आहे.

आता त्या दोघांविषयी सांगते. दरवर्षी थंडी सरताना एक काका-काकू यायचे. तळमजल्यावरची, समुद्राकडे दार उघडणारी कोपऱ्यातली खोली त्यांची होती. काका दुकानांतली वजने-मापे तपासणारे निवृत्त अधिकारी. खिशात नेहमी छोटा लटकता वजनकाटा. जेवणघरात लोण्याची वडीसुद्धा ते काट्याला लावून बघत. नोकर मंडळी त्यांना 'मापवाले काका' म्हणत आणि ते आले की मावशी कपाळाला हात लावी. मला त्यांची भीती वाटे. एका वर्षी यांनी मला काट्याला लावले तर माझी अब्रू जाणार, हे ठरलेले होते.

काकू शांत होत्या. पण संशय मला काकूंचाच आला. खोलीत शिरल्या की त्या सगळ्याला हात लावीत. भिंतीवरून हात, कपाटावरून हात, टॉवेलांच्या घडीवरून हात. माझ्या कडेवरूनही त्यांनी बोटे फिरवली. मला वाटले, ही बाई उचलेगिरी करणार. काय नेता येईल ते चाचपते आहे. मी त्यांच्यावर डोळा ठेवून बसले.

सकाळी काका घोरत असताना काकू हळूच दार उघडून बाहेर जात. दारापासून कठड्याला धरून पायऱ्या, मग खडीची वाट, वाट संपली की बाक आणि बाकापलीकडे वाळू. परत येत तेव्हा साडीचा काठ ओला असे आणि चेहरा असा खुललेला, जणू माहेरी जाऊन आल्या आहेत. तेव्हाही मी मनात म्हटले, नक्की कुठे जाते ही? किती खुळी होते मी!

मग ते वर्ष आले. काका-काकू आले आणि मॅनेजरसाहेब स्वतः पुढे झाले. "या वर्षी तुमच्यासाठी खास सोय केली आहे. अगदी वरच्या मजल्यावरची खोली. तिथून समुद्र काय दिसतो म्हणून सांगू!" खरी गोष्ट मी टेबलावर बसून ऐकली होती. कोपऱ्यातल्या खोलीला दुप्पट भाडे देणारे पाहुणे मिळाले होते, म्हणून ती त्यांना देऊन टाकली होती. आणि त्या दिवशी माझ्या मुठीला लाल रिबीन होती.

मी वरच्या खोलीत पोचले तेव्हा काकू दाराशीच उभ्या होत्या. दोन पावले टाकली आणि टेबलाचा कोपरा त्यांच्या गुडघ्याला लागला. मग त्या खुर्चीवर आदळल्या. काका ओरडले, "अगं, लक्ष कुठे असतं तुझं?" काकूंचा हात भिंत शोधत होता. मी टेबलावरून तो हात पाहिला आणि माझ्या काड्यान् काड्या शहारल्या. ही बाई चोरी करत नव्हती. हिला दिसत नव्हते. खालची खोली तिने वर्षानुवर्षे हातांनी पाठ केली होती आणि कुणालाच ताकास तूर लागू दिली नव्हती.

तेवढ्यात हॉटेलचा विक्री करणारा माणूस आला. नोकर मंडळींनी त्याचे नाव 'साखऱ्या' ठेवले होते. तो काकांसमोर बसला आणि त्याने पोतडी उघडली. जुनी खोली कायमची सोडून द्या, तिच्या बदल्यात पॉइंट घ्या. त्या पॉइंटांवर कंपनीच्या कुठल्याही हॉटेलात राहा. जेवणात सूट, मालिश फुकट, उशिरापर्यंत खोली वापरायची मुभा आणि दर वेळी फळांची टोपली.

काका म्हणाले, "यात गोम काय आहे?"

साखऱ्या हसला. "काका, तुमच्यासारख्या चाणाक्ष माणसाला आम्ही काय फसवणार? अहो, तुम्ही जन्मभर दुसऱ्यांना पकडलंत! म्हणून तर साहेब म्हणाले, ही योजना आधी काकांना दाखव."

मित्रांनो, संशयी माणूस फसत नाही असे समजू नका. त्याला फक्त त्याच्या संशयाच्याच हरभऱ्याच्या झाडावर चढवावे लागते. काका खुर्चीत ताठ झाले. जन्मभर लोकांचे काटे तपासलेल्या माणसाने आपला काटा त्या दिवशी खिशातच ठेवला. साखऱ्याने पेन पुढे केले आणि काकांनी ते घेतले.

मला ओरडावेसे वाटले. पण टोपलीला तोंड असते ते फक्त भरण्यासाठी.

काकू म्हणाल्या, "अहो, त्यांना फळ तरी द्या." आणि साखऱ्याला फळ द्यावे म्हणून त्यांनीच माझ्यात हात घातला. हात द्राक्षांतून खाली गेला, एका संत्र्याला लागला, आणखी खाली गेला. कर्र असा आवाज झाला. काकूंनी कागदाचा एक बोळा बाहेर काढला. मग दुसरा. मग तिसरा. त्यांनी ते शांतपणे टेबलावर ठेवले.

"हे काय?" काका म्हणाले.

"वरून भरलेली दिसत असेल तुम्हाला," काकू म्हणाल्या. "मला दिसत नाही, म्हणून तळाला हात गेला."

"दिसत नाही म्हणजे?"

"म्हणजे दिसत नाही. समोरचा उजेड कळतो, एवढंच. तुम्हालासुद्धा आवाजावरून ओळखते."

काकांचे पेन हवेतच राहिले. "कधीपासून? मला बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही माझा हात सोडला असता का? घरी, दारी, रस्त्यात, सगळीकडे धरून चालवलं असतं. वर्षातून एक आठवडा त्या खालच्या खोलीतून मी एकटी समुद्रापर्यंत जाते. कुणाचा हात न धरता. तेवढं एकच माझं उरलंय. आणि ती खोली तुम्ही द्राक्षांच्या बदल्यात द्यायला निघालात."

साखऱ्या घाईघाईने म्हणाला, "काकू, आम्ही सोबतीला माणूस देऊ. तोही फुकट!"

काकांनी पेन त्याच्या खिशात परत खोचले. मग मला उचलले, कागदाचे बोळे माझ्यात टाकले आणि काकूंचा हात धरून खाली आले. स्वागताच्या टेबलावर त्यांनी बोळे ओळीने मांडले. आजूबाजूचे मालक आणि पाहुणे गोळा झाले. मॅनेजरसाहेब लगबगीने म्हणाले, "काका, आपण आत बसून बोलू. जेवणावर निम्मी सूट देतो. वाटल्यास पुढच्या वर्षीही."

"साहेब, जास्तीचं काही नको," काका म्हणाले. "सूट नको, मालिश नको, फळं नकोत. जे आमचं आहे तेवढं पुरतं द्या. मालकाला मान नंतर द्या, आधी खोली द्या."

गर्दीतून एक बाई पुढे आली. कोपऱ्यातल्या खोलीत तीच उतरली होती. "आम्हाला कुणी सांगितलंच नाही की ही खोली दुसऱ्या कुणाची आहे," ती म्हणाली. "मुलांना वरूनच समुद्र बघायचाय. आम्ही जातो वर." साहेबांचे गोड हसू तेव्हा पहिल्यांदा आंबट झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी दार उघडले तेव्हा काका घोरत नव्हते. ते उठून दारापर्यंत गेले. काकू कठड्याला धरून पायऱ्या उतरल्या. खडीवर त्यांचा पाय जरासा घसरला. हाक मारायला काकांनी तोंड उघडले आणि तसेच मिटले. दाराची चौकट त्यांनी इतकी घट्ट धरली होती की बोटे पांढरी पडली. काकू बाकापर्यंत पोचल्या, बाकापुढे वाळूत गेल्या आणि पाण्यात उभ्या राहिल्या. काका दारातच राहिले. डोळे पुसले, पण पाऊल पुढे टाकले नाही. त्या माणसाने कुणाला काही पुरेपूर मापून दिलेले मी पाहिले असेल, तर ते तेव्हा.

निघताना काकूंनी मावशीला विचारले, "ही टोपली नेऊ का? तळ फार चांगला विणलाय हिचा." मावशीने इकडेतिकडे बघितले आणि मला त्यांच्या हातात दिले.

आता मी त्यांच्या घरात दाराशेजारच्या स्टुलावर असते. माझ्यात लोकरीचे गुंडे, किल्ल्या आणि काकांचा लटकता काटा असतो. माझ्या तळाला हात लावला की काकूंना कळते, सगळे जागेवर आहे. माझा संशयी स्वभाव मात्र गेला नाही. परवा काकांनी एक मोठे सफरचंद आणून माझ्यात ठेवले, तर मला वाटले, आता काय जाणार आहे कुणाचे? काहीच गेले नाही. काकूंनी ते चिरले आणि दोघांनी खाल्ले.

मित्रांनो, मी फार जुनी झाले आहे. उन्हात ठेवली तर तडकेन, म्हणून मधूनमधून पाण्याचा ओला हात माझ्यावरून फिरवत जा. आणि माझ्यासारखी एखादी टोपली तुम्हाला कुणाला द्यायची असेल, तर ती तळापासून भरा. तेवढे जमत नसेल तर रिकामी द्या, आम्हाला राग येत नाही. फक्त आमच्या पोटात कागद कोंबू नका; कुणीतरी हाताने बघणारे असते.