फाटकातल्या दोन खुर्च्या

आमच्या कॅसेटवर गाणी असतात का, असं कुणी विचारलं की मी सरळ सांगते, नसतात. ट्रान्सफॉर्मरची गुणगुण असते, भातगिरणीच्या पट्ट्याची फटफट असते, आणि ती वीस-वीस मिनिटं जागची हलत नाही. आवडली तर ऐका, नाहीतर गेलात उडत! माझी आई म्हणते, असला आवाज आला की लोक मिस्त्रीला बोलावतात आणि तू तो भरून ठेवतेस.

लेबलचं नाव ‘खरखर’. लेबल म्हणजे मी आणि प्रदीप. प्रदीप रेल्वेत इलेक्ट्रिशियन, आणि मी भाजे गावची चैताली, लोणावळ्याच्या एका दवाखान्यात केसपेपर काढते. एका वेळी चाळीस कॅसेट करतो. कव्हरं तांदळाच्या पोत्याची, हातानं कापलेली. घेणारे पुण्यात, कोलकात्यात आणि एक खुळा पोलंडमध्ये.

चौथ्या कॅसेटवर मात्र माझे आजोबा आहेत. जानूआबा, वय चौऱ्याऐंशी. सनईच्या शेजारी बसून एकच स्वर धरायचं जे वाद्य असतं, त्याला सूर म्हणतात. गाल फुगवून फुंकायचं आणि त्याच वेळी नाकानं श्वास घ्यायचा, म्हणजे स्वर तुटत नाही. लहानपणी आबा लग्नांत मानकऱ्यांच्या फाटकाबाहेर बसून सूर धरायचे. कार्य चालू असताना सूर तुटला तर अपशकुन, म्हणून मधे उठायचं नाही, घसा कोरडा पडला तरी पाणी मागायचं नाही. सगळं उरकलं की कुणीतरी वरून ओंजळीत पाणी ओतायचं.

छप्पन साली आमच्या घराण्यानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि पणजोबांनी सगळी वाद्यं इंद्रायणीत सोडली. पंधरा वर्षांच्या आबांनी सूर तेवढा भाताच्या कणगीत लपवला. पुढं उभा जन्म ते एकटेच, बांधावर बसून वाजवत आले. मला रेकॉर्ड करू दिलं ते एका अटीवर.

“वाजीव, पर कुणाच्या दाराशी बसून न्हाई.”

मी शब्द दिला.

ती कॅसेट ऐकून स्वराज नावाच्या माणसाचा फोन आला. लोणावळ्याच्या एका बंगल्यात तो ‘मातीचे नाद’ नावाचा उत्सव भरवत होता. अर्धा तास तुमचा, म्हणाला, आजोबांना घेऊन या, स्टेजवर. दोनशे माणसं येणार होती. आमचा उच्चांक होता अकरा, त्यातले दोघं पाऊस थांबायची वाट बघत उभे होते. खोटं कशाला बोलू, मला हाव सुटली. आबांना तीनतीनदा सांगितलं, “स्टेजवर आहे आबा, मधोमध.” त्यांनी पांढरा सदरा इस्त्री करून घेतला.

उन्हं कलताना आबा, मी आणि प्रदीप पोचलो, तर बंगल्याच्या फाटकात दोन खुर्च्या मांडलेल्या आणि प्रत्येकीवर एकेक गुलाबी फेटा.

“थोडा बदल झालाय,” स्वराज हसत म्हणाला. “तुमचं ते मशीनचं घरघर पाहुण्यांना झेपणार नाही. आजोबा इथंच सूर धरतील, लोक येता-जाता ऐकतील. तुम्ही फक्त शेजारी बसा. फार ऑथेंटिक वाटेल.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याचा राग आला, पण त्याहून जास्त माझा स्वतःचा. शब्द मी दिला होता, आणि सत्तर वर्षांनी म्हाताऱ्याला परत फाटकाशी मीच आणून उभं केलं होतं.

“आबा, चला घरी.”

“थांब गं.”

आबा कान देऊन ऐकत होते. स्वराज एव्हाना आत जाऊन माइकवरून पाहुण्यांना सांगत होता, की सूर एकदा लागला की अखंड चालतो, त्याला मधे थांबवणं अपशकुन मानतात.

“त्येला ह्ये कुणी सांगितलं?”

“कॅसेटच्या कागदावर मीच लिहिलं होतं.”

“लय ब्येस क्येलंस.” आबांनी फेटा उचलून फाटकाच्या खांबावर ठेवला आणि खुर्ची हातात घेतली. “तू दुसरी घे.”

हिरवळीवरून, सगळ्या पाहुण्यांच्या मधून, चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस खुर्ची घेऊन चालत गेला. स्टेजच्या मधोमध ठेवली, बसला आणि सूर लावला.

स्वराज धावत आला. मी प्रदीपबरोबर वायरी जोडत होते.

“हे काय चाललंय? थांबवा त्यांना!”

“तुम्हीच थांबवा की,” मी म्हटलं. “अपशकुन ह्या बंगल्याला होईल. आम्ही मानत नाही.”

पहिल्या रांगेतून बंगल्याच्या मालकीणबाई घाईघाईनं म्हणाल्या, “अहो, राहू द्या! मधे नका तोडू.”

मग मी भातगिरणीची टेप सोडली, आबांच्या सुराखाली, हळूहळू वर आणत. टेबलावरचे ग्लास किणकिणायला लागले. कुणी कानात बोटं घातली, दहा-बारा जण उठून गेले. मी आवाज आणखी वाढवला. आबांचे गाल फुगलेले, डोळे उघडे, समोर बघत. मला रडू येत होतं आणि डोळे पुसायला बटणावरचा हात सुद्धा काढता येत नव्हता.

विसाव्या मिनिटाला आबांनी सूर तोंडातून काढला. कुणी सांगितलं नव्हतं, काही संपलं नव्हतं. मधेच तोडला. मालकीणबाईंचा हात तोंडावर गेला. गिरणी चालूच होती.

आबांनी सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं आणि स्टेजखाली उभ्या स्वराजकडं बघितलं.

“पानी आना.”

स्वराजनं माझ्याकडं बघितलं. मी जागची हलले नाही. शेवटी त्यानं टेबलावरचा ग्लास भरला, पायऱ्या चढून वर आला आणि वाकून आबांच्या हातात दिला. आबा बसल्या बसल्या सावकाश सगळं पाणी प्याले आणि रिकामा ग्लास पुढं केला.

“अजून एक.”