पिशवीत न आलेलं औषध

मित्रांनो, मी एक जुनी कापडी पिशवी आहे. यावलजवळच्या एका घरात, स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्यावर लटकते. माझ्या अंगावर निळी फुले होती. धुऊन धुऊन ती पुसट झाली आहेत.

लताबाईंना रक्तदाबाचा त्रास सुरू झाला, तेव्हा त्यांच्या लेकीने, डिंपलने, जुन्या पडद्यातून मला शिवले. "माय, घरातलं सारं औषध हिच्यातच ठेवजो," असे बजावून ती सासरी गेली. तेव्हापासून रक्तदाबाच्या गोळ्या, व्हिटॅमिनच्या गोळ्या, सारे माझ्या पोटात. भुसावळच्या डॉक्टरीणबाई मला टेबलावर उलटी करत आणि म्हणत, "सगळे पेशंट अशी पिशवी आणतील तर किती बरं होईल!" मग घरी येईपर्यंत मी नुसती फुगलेली असे.

आमची केळीची बाग आहे. लताबाईंना पूर्वी मुतखडा झाला होता. तेव्हा त्यांचे यजमान तोतारामनाना यांनी घड कापलेल्या केळीचे खोड सोलून आतला पांढरा गाभा कुटला, फडक्यातून रस पिळला आणि पेला भरून दिला. खडा पडला. कशाने पडला देव जाणे, श्रेय मात्र रसाला मिळाले. तेव्हापासून नाना रोज सकाळी बागेतून गाभा आणू लागले. पेला पुढे करताना त्यांचा चेहरा असा खुलायचा, की लताबाई तोंड वाकडे करूनही तो संपवत.

यंदा डॉक्टरीणबाईंनी रक्तदाबाची गोळी बदलली. पुढे लताबाईंचे पाय गळू लागले, छातीत धडधडू लागले. एके सकाळी त्या ओट्याशी मटकन खाली बसल्या. नानांनी मला खिळ्यावरून ओढले आणि गाडी करून भुसावळ गाठले. लताबाईंच्या छातीला तारा लागल्या, रक्त तपासायला गेले. डॉक्टरीणबाईंनी माझ्यातले एकेक पाकीट पाहिले.

"याशिवाय दुसरं काही औषध घेतात का?"

"नही मॅडम," नाना म्हणाले.

ते खोटे बोलत नव्हते. त्यांच्या लेखी औषध म्हणजे दुकानातून येते ते. बागेतले ते घरचे खाणे. तो पेला मी खिळ्यावरून रोज पाहिला होता. पण पिशवीला कोण विचारणार! माझ्या मुकेपणाचा मला त्या दिवशी फार राग आला.

लताबाईंना दवाखान्यातच ठेवून घेतले. दुसऱ्या दिवशी नाना घरून बाटली घेऊन आले. "दोन घोट घे, डिंपलची माय. ताकद येईन."

डॉक्टरीणबाई दारातच थांबल्या. "हे काय, नाना?"

"औषध नही मॅडम, घरच्या केळीच्या खोडाचा रस हाये."

बाईंनी बाटली हळूच काढून घेतली. "यांच्या रक्तात पोटॅशियम फार वाढलंय. नव्या गोळीनं ते अंगात साठतं, आणि या रसातही ते असतं. दोन्ही मिळून हृदयाचे ठोके बिघडले. यायला उशीर झाला असता तर..."

नाना स्टुलावर बसले. "म्हणजे म्याच तिले?"

लताबाईंनी सलाइन नसलेला हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. "तुम्ही तं मायेनं दिलं."

लताबाई बऱ्या झाल्या. पुढच्या वेळी भुसावळला निघताना नानांनी मला आधी घरभर हिंडवले. गवती चहा, शेजारणीने दिलेली शेवग्याच्या पाल्याची पूड, खोकल्याचा ज्येष्ठमध, सारे माझ्यात कोंबले. डॉक्टरीणबाई हसल्या, पण ज्येष्ठमध बाजूला ठेवत म्हणाल्या, "हा रक्तदाबाला चालणार नाही."

मित्रांनो, पाला वाईट नाही, गोळीही वाईट नाही. पण पोटात दोघांची गाठ पडली की काय होईल, ते आपल्याला घरी बसून कळत नाही. तुमच्या आजी-आजोबांची पिशवी भराल, तेव्हा घरचे काढे आणि चूर्णेसुद्धा त्यात ठेवा. डॉक्टरांना सारे सांगा.

आता नाना बागेतून रिकाम्या हाताने येतात. पण सकाळी काहीतरी दिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. म्हणून माझ्यातली गोळी काढून, त्याच पेल्यात साधे पाणी भरून ते लताबाईंपुढे धरतात. चेहरा तसाच खुललेला असतो, आणि लताबाईंना आता तोंड वाकडे करावे लागत नाही.