सत्यवस्त्र आणि एक बादली गरम पाणी

जागेश्वरच्या छातीवर पाच पांढरी बोटं उमटली आणि दीडशे माणसांच्या तोंडून एकदम 'अबबब' निघालं.

जानेवारीतली कडाक्याची सकाळ, सातचा सुमार. पवनीजवळच्या आमच्या जंगल-रिसॉर्टच्या हिरवळीवर खुर्च्या मांडल्या होत्या. आजूबाजूच्या रिसॉर्टांचे मालक, राईस मिलवाले, दोन शाळांचे संस्थाचालक, आणि पोहे फुकट आहेत असं कळल्यामुळे अर्धं गाव जमलं होतं. मधोमध आसनावर वल्कलनाथ महाराज. त्यांनी जागेश्वरच्या गर्द हिरव्या गणवेशावर नुसता उजवा हात ठेवला होता. हात उचलला तर तिथं पांढराशुभ्र पंजा!

"बोल बाळा," महाराज डोळे मिटून म्हणाले. "वस्त्र सगळं बोललंच आहे. तू फक्त उजळणी कर."

जागेश्वर आमचा गेटवरचा चौकीदार. वय पंचावन्न. कुणी 'बाळा' म्हटल्यावर तो विरघळलाच. "महाराज, मी ड्युटीवर झोपतो जी. रोज नाई. म्हंजे... रोजच."

टाळ्यांचा कडकडाट झाला. जागेश्वर झोपतो हे आमच्याकडच्या हरणांनाही ठाऊक आहे, पण आज ते कापडानं सांगितलं होतं ना!

मी श्रावण, इथल्या रिसेप्शनवर बसतो. बी.एस्सी.ला भौतिकशास्त्रात दोनदा नापास झालो आहे, त्यामुळे विज्ञानाबद्दल मला फार आदर आहे. ते कुणाच्या भिडेला बळी पडत नाही, हे मी स्वतः अनुभवलंय.

या सगळ्याची सुरुवात एका पाहुण्याच्या प्रश्नानं झाली. पुण्याहून वाघ बघायला आलेल्या बाईंनी आमच्या मालकांना, भय्याजींना, विचारलं, "तुमच्या स्टाफचे युनिफॉर्म सस्टेनेबल आहेत का?" भय्याजी मनानं चांगला माणूस, पण आपण कशात मागे आहोत असं कळलं की त्यांना जेवण जात नाही. तो शब्द त्यांनी माझ्याकडून तीनदा म्हणून घेतला. आठच दिवसांत वल्कलनाथ महाराज गाडीतून उतरले. त्यांच्या कार्डावर एका बाजूला ॐ होता आणि दुसऱ्या बाजूला 'स्टाफ युनिफॉर्मच्या होलसेल ऑर्डरी घेतल्या जातील' असं छापलेलं होतं.

"हे सत्यवस्त्र विणलेलं नाही, जागवलेलं आहे!" महाराज सांगत होते. "बांबूचा देह, तुळशीचा श्वास, प्लास्टिकचा कण नाही. त्यावर नॅनो-चैतन्य! खोट्या माणसाच्या छातीतून उलटी कंपनं निघतात. पृथ्वीशी नातं असलेलं वस्त्र ती सोसत नाही. ते लाजेनं पांढरं पडतं."

"लाजेनं लाल पडायला पाहिजे ना?" मी विचारलं.

"ती सिंथेटिकची लाज," महाराज म्हणाले.

आमच्या सोळा जणांना गणवेश मिळाले आणि भय्याजींना त्याच कापडाचं जाकीट, भेट म्हणून. महाराज एका खोलीत मुक्कामालाच राहिले. रोज सकाळी साडेसहाला आम्ही रांगेत उभे राहायचं आणि कापडानं आमची झडती घ्यायची, असा रिवाज सुरू झाला. त्याच आठवड्यात एका पाहुण्याची दुर्बीण हरवली.

आणि रोज पांढरी पडायची ती एकटी सरिता.

सरिता आमच्या स्वयंपाकघरात काम करते. पहाटेच्या सफारीला जाणाऱ्यांना चहा-पोहे लागतात, म्हणून ती साडेचारपासून भट्टीपुढे असते आणि हाक आली की फडक्याला हात पुसत तशीच रांगेत येते. आम्ही सगळे थंडीनं काकडत हिरवेगार उभे, आणि ही गळ्यापासून पोटापर्यंत पांढरी. सात दिवस हेच झालं. आठव्या दिवशी महाराज म्हणाले, "वस्त्राला अजून किती वेळा सांगायला लावता, भय्याजी?"

भय्याजींनी ठरवलं की मोठ्या कार्यक्रमात, सगळ्यांसमोर, सरिताला कामावरून काढायचं. नवरा नाही, पदरात गुड्डी नावाची चौथीतली पोर. शाळेत पोरं गुड्डीला 'चोट्टीची पोट्टी' म्हणायला लागली होती, तिनं शाळेत जाणंच सोडलं होतं. मला राग आला होता. राग येऊनही मी रिसेप्शनवर बसून राहिलो होतो, याची लाज मला अजून वाटते.

कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी सुलोचनाबाईंनी मला धुलाईघरात बोलावलं. आमचे सगळ्यांचे कपडे त्याच धुतात. साठीच्या आहेत, माहेर कोसा रेशीम विणणाऱ्यांचं.

"श्रावनभाऊ, हे पाह्य."

त्यांनी एक हिरवा गणवेश गरम पाण्याच्या बादलीत बुडवला. बघता बघता तो भातासारखा पांढरा झाला. बाहेर काढून दोरीवर टाकला, वारा लागला, आणि पुन्हा हिरवा.

"आत मानूस नाई, तरी पाप! आता कोनाले धरू? बादलीले?"

मी दोरीवरचा गणवेश उलटसुलट करून पाहिला.

"महाराजानं मले बजावून ठेवलं होतं, गरम पानी लावू नोको, वस्त्राले चटका बसते. पन सरिताच्या कपड्यावरचे तेलाचे डाग थंड्या पान्यानं निघतेत काय? म्हून लावलं." मग त्यांनी शिवणीतून एक धागा ओढला आणि काडी पेटवली. "आमच्या माहेरी धागा जाळल्याबिगर माल घेत नाई. कोसा जळला का केस जळल्यावानी वास येते. सूत जळलं का कागदावानी राख होते. आन हे पाह्य."

धागा आखडला, त्याचा काळा कडक मणी झाला आणि खोलीत जळक्या बादलीचा वास पसरला.

"बांबू नाई हा. प्लास्टिक होय."

"मग मावशी, तुमी कोणाला सांगितलं काहून नाही?"

"मले कोन विचारते? धुवाचं तेवढं सांगतेत."

तेव्हा माझ्याही डोक्यात उजेड पडला. महाराज रोज पहाटे माझ्या फ्रिजमधून वाटीभर बर्फ न्यायचे. कमंडलूतलं गंगाजल शांत ठेवायला, म्हणे. कमंडलू नेहमी डाव्या हातात. उजवा हात सदा शालीत. आणि भय्याजींची परीक्षा घेताना मात्र महाराज न चुकता डाव्या हातानं आशीर्वाद द्यायचे!

तर आता पुन्हा हिरवळीवर या. जागेश्वरची कबुली झाली होती. भय्याजींच्या छातीवर महाराजांचा डावा हात ठेवून झाला होता आणि जाकीट हिरवंगार राहिल्यावर लोकांनी जयजयकार केला होता. शेजारचे मालक ऑर्डर द्यायला पुढे सरकत होते. तेवढ्यात सरिताला बोलावलं. ती भट्टीवरून आली, पांढरी. मान खाली.

"पाहा!" महाराज गरजले. "मी हातही लावला नाही!"

"महाराज, माह्या पोरीची आन," सरिता म्हणाली. "मी ते दुर्बीन डोळ्यानं पाह्यली बी नाई."

"माणूस शपथ घेतो. वस्त्र घेत नाही."

"वस्त्राले मी विचारू काय एक डाव?" मागून आवाज आला. सुलोचनाबाई वाफाळती बादली घेऊन येत होत्या, खांद्यावर एक कोरा गणवेश. आसनासमोर बादली ठेवून त्यांनी तो बुडवला आणि काठीवर धरून सगळ्यांना दाखवला. पांढराफटक.

"हा कालच पाकिटातून निंगला. कोनी घातलाच नाई. यानं काय चोरलं जी?"

लोकांत खसखस पिकली. महाराज मात्र मुरलेले. "माते, गरम पाण्यानं चैतन्य मूर्च्छित होतं. ही पांढरेपणाची मूर्च्छा वेगळी, पापाची वेगळी."

"बरं बापा." सुलोचनाबाई वळल्या. "भय्याजी, तुमी काकडून राहिले. जरा शेकोटीजवळ उभे राहा ना."

हिरवळीच्या कडेला जागेश्वरची शेकोटी धगधगत होती. भय्याजी खरोखरच कुडकुडत होते, शिवाय एवढ्या लोकांसमोर म्हाताऱ्या बाईचा शब्द कसा मोडायचा? ते गेले. पोट शेकलं, पाठ शेकली. आणि आमचे मालक खांद्यापासून कंबरेपर्यंत, मागून-पुढून, पांढरे झाले.

कुणी हसेना, कारण ते मालक होते. मग एक पोरगी खुदकन हसली आणि सगळी हिरवळ फुटली.

"महाराज," मी धीर करून पुढे झालो. "आता सांगा. भय्याजींनी काय चोरलं?"

महाराजांची ती अडचण मी आयुष्यात विसरणार नाही. मालकाला चोर म्हणावं तर ऑर्डर जाते, आणि मालक साव म्हणावा तर वस्त्र जातं. त्यांनी एकदा भय्याजींकडे पाहिलं, एकदा गाडीकडे. "या... या लॉटमध्ये थोडा दोष असावा."

"सत्याच्या लॉटमध्ये?" मी विचारलं.

महाराज घाईनं उठले. शाल सुटली आणि उजव्या हाताखालून शेकायची रबरी पिशवी धपकन गवतावर पडली. सुलोचनाबाईंनी ती उचलून गालाला लावली. "अजून गरम हाये."

मग मी लोकांना सांगितलं. असा रंग असतो. लहान पोरांच्या कपावर असतो तो: गरम दूध ओतलं की चित्र बदलतं, थंड झालं की परत येतं. चमत्कार नाही, कारखान्यातला माल आहे. गरम हात लागला की कापड पांढरं, बर्फातला हात लागला की हिरवं. सरिता आगीपुढून यायची, आम्ही थंडीतून. कापडाला गरम आणि गार एवढंच कळतं, खरं-खोटं कळत नाही. आणि प्लास्टिकचा धागा प्लास्टिकचा म्हणून विकला तर त्यात पाप नाही. बांबू म्हणून विकणं ही चोरी, आणि ती चोरी मात्र धागा जाळल्यावर कळते.

महाराजांची गाडी तोवर फाटकाबाहेर गेली होती. जागेश्वर नेमका जागा असल्यामुळे फाटक लगेच उघडलं गेलं.

भय्याजी सरिताजवळ आले. "सरिता, माफ कर मले. मी येडा झालो होतो."

"मले एकटीले नोका सांगू," सरिता म्हणाली. आता तिची मान वर होती. "ज्या लोकाईसमोर चोट्टी म्हनलं, त्याईले सांगा. आन गुड्डीच्या शाळेत बी येऊन सांगा."

भय्याजी आसनाच्या पायरीवर चढले. सरिताचं नाव घेऊन, ती निर्दोष आहे, चूक माझी आहे, असं स्वच्छ बोलले. शेकोटीपासून लांब आल्यामुळे त्यांचं जाकीट हळूहळू पुन्हा हिरवं होत होतं.

"पाहा, पाहा!" जागेश्वर हात जोडून ओरडला. "खरं बोलले त हिरवे झाले!"

"अबे, थंडे झाले म्हून हिरवे झाले!" सुलोचनाबाईंनी कपाळावर हात मारला. "आनू काय बादली पुन्हा?"

दुसऱ्या दिवशी भय्याजी खरंच शाळेत गेले. गुड्डी बाकावर ताठ बसून ऐकत होती. आता आम्ही हातमागाचे सुती कपडे घालतो. ते घेताना सुलोचनाबाईंनी दुकानातच काडी पेटवली होती.

ती दुर्बीण मात्र सापडली नाही. कुणी घेतली, मला माहीत नाही. भय्याजींनाही माहीत नाही. 'माहीत नाही' एवढं म्हणायला आम्ही तयार असतो, तर सरिताला सात सकाळी मान खाली घालून उभं राहावं लागलं नसतं. तुमच्या दारात कुणी सगळं माहीत असलेला आला, तर एवढंच करा: पाणी गरम करा, धागा जाळा, हात बदलायला सांगा. आणि तरीही उत्तर मिळालं नाही, तर एखाद्या गरिबाच्या माथी मारण्याऐवजी माहीत नाही म्हणा.