खंजेरीवाल्याची पाठ

आमच्या ह्यांना, म्हणजे जानरावांना, कमी ऐकू यायला लागलं आणि सगळ्या शेंदूरजनाघाटात कजाग ठरले मी. चहा झाला एवढं सांगायलाही ओरडावं लागे.

त्याचं मला काही वाटत नसे. पण भजनात ह्यांचा ताल चुकायला लागला. मंडळाचे बुवा खुशालराव एक दिवस ओशाळून म्हणाले, "वयनी, शनिवारी स्पर्धेत खंजेरीवर शुभमले बसवतो. जानरावले तुमीच सांगा." चाळीस वर्षं ती खंजेरी ह्यांच्या हातात होती. सांगायला माझी जीभ रेटेना.

त्याच आठवड्यात अमरावतीला ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटली त्या सकाळी मी कप पुढे करत पुटपुटले, "आता गपगुमान प्या."

"गपगुमानच पिऊन राहिलो ना," हे म्हणाले.

मी आ वासून पाहत राहिले. मग तोंडाला पदर लावून पुन्हा तेच बोलले. "काय?" ह्यांनी विचारलं. पदर काढून बोलले, तर सगळं कळलं.

तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरीण बाई हसल्या. म्हणाल्या, "थोडं कान सांगतात, थोडं समोरच्याचे ओठ. मेंदू दोन्हींची बेरीज करतो. ओठ दिसेनासे झाले, तेव्हा एकट्या कानांना झेपेना. कानाचं मशीन लागेलच, पण निम्मं काम डोळ्यांनी केलं."

बसमधून उतरले ती तडक खुशालरावांकडे गेले. मंडळात खंजेरीवाला बुवांच्या मागे बसतो. म्हणजे ह्यांना दिसणार काय, तर बुवांचा सदरा.

"ह्यायले तुमच्या समोर बसवा," मी म्हटलं.

"लोकायकडं पाठ करून? मंडळाची रीत नाही, वयनी."

"रीत ऱ्हाऊ द्या. एक डाव बसवून तं पाहा."

त्या संध्याकाळी तालमीत हे समोर बसले. बुवांच्या ओठांवर नजर, बोटं खंजेरीवर. एक ठोका इकडचा तिकडे झाला नाही. शुभमच म्हणाला, "काका हायेत तं मी कायले?"

शनिवारी हे मांडवभर लोकांकडे पाठ करून बसले. कुणीतरी ओरडलं, "काका, काहून पाठ केली? इकडं तोंड करा." खुशालराव माइकवर शांतपणे म्हणाले, "राहू द्या. ते ऐकून राहिले."

मला रडू आवरेना. मांडवातून ह्यांची नुसती पाठ दिसत होती, आणि ती आनंदाने डुलत होती.