रागाचं पथ्य

तूप गरम करताना तिने गॅस दोनदा बारीक केला. वाटीतलं औषधी तूप नुसतं पातळ व्हायला हवं होतं, कढायला नको. कढलंच तर पुढे काय, हे तिला वर्षानुवर्षांच्या सरावाने ठाऊक होतं.

टेबलाशी नवरा बसला होता. तो वजनमापं तपासणारा निरीक्षक. तो लांबून दिसला तरी दुकानदार तराजू पुसायला घेत. घरातली माणसंही तेच करत, तराजूऐवजी हाताला लागेल ते.

त्याने डोळे मिटले, तूप घशाखाली ढकललं आणि वर गरम पाणी प्यायला.

"फार गरम होतं."

ती ओट्याला चिकटली.

"असू दे," तो म्हणाला आणि लांब श्वास घेतला.

हा 'असू दे' वैद्यबाईंचा. त्याच्या जुन्या पित्तावर त्यांनी वमन सांगितलं होतं: औषध देऊन उलट्या करवायच्या. त्याआधीची तयारी म्हणजे रोज सकाळी वाढत्या मापाने तूप, हलकं जेवण, दुपारची झोप बंद. "आणि राग अजिबात नाही," त्या म्हणाल्या होत्या. "राग केलात तर तूप अंगी लागत नाही. मग वमन अडतं. घशाशी येतं आणि तिथंच राहतं."

उलटीची त्याला लहानपणापासून धास्ती. बसमध्ये शेजारचा नुसता खोकला तरी हा जागा बदलायचा. बायकोच्या रडण्याने आणि थोरल्या भावाच्या समजावण्याने जे जमलं नव्हतं, ते एका उलटीच्या भीतीने जमवलं. घरात आवाज चढेनासा झाला.

मायलेकींना हे सोसेना. दोघी कुजबुजत बोलत, शेजारच्या खोलीत कुणी अत्यवस्थ असल्यासारख्या. एकदा जेवताना मुलगी कॉलेजातल्या सरांची नक्कल करून मोठ्याने हसली आणि मधेच थबकली. बाप ताटाकडे बघत म्हणाला, "मग? पुढे काय झालं?"

मुलीला पुढचं काही आठवेना.

हळूहळू मात्र आठवायला लागलं. बायको भांडी घासताना गुणगुणली, आणि आपणच गुणगुणतोय हे कळल्यावर दचकली. स्वयंपाकघरात कॅलेंडर गुडघ्याइतक्या उंचीवर टांगलेलं होतं. त्यामागे भिंतीचा पोपडा उडाला होता, एका फेकलेल्या कपाने. त्या आठवड्यात तिने कॅलेंडर उचलून तो पोपडा निवांत बघितला.

मग काल तिच्या हातून पिठाचा डबा सुटला. डबा गडगडत त्याच्या पायाशी जाऊन थांबला. तिने कोपर चेहऱ्यासमोर धरलं होतं. तो जागचा हलला नाही. ती कोपर खाली घेईपर्यंत बघत राहिला. मग बाल्कनीत जाऊन बराच वेळ रस्त्याकडे पाठ करून उभा होता.

आज दोघं दवाखान्यात आली होती. वैद्यबाईंनी त्याच्या दंडावरून बोट फिरवलं.

"त्वचा छान तुकतुकीत झालीये. साहेब, तुम्ही तर गुणी पेशंट निघालात. ताई, घरी कसे वागतात?"

"चांगले," ती म्हणाली. खरं बोलताना जीभ अडखळते, हे तिला नवीनच कळलं.

"मग उद्या विश्रांती, परवा वमन उरकू. थोडे दिवस हलकं खायचं आणि मग काय, सगळं पूर्वीसारखं."

तिने पर्सची चेन उघडली, बंद केली, परत उघडली.

"एकच विचारायचं राहिलं," वैद्यबाई त्याला म्हणाल्या. "तुपाची शिसारी येते का? वाटी बघूनच नको वाटतं? तसं झालं की कोठा तयार झाला समजायचं आणि तूप थांबवायचं."

"नाही हो," बायको म्हणाली. "अजून कुठे. आवडीनं घेतात."

तिचा आवाज नको तेवढा मोठा निघाला. आज सकाळीच तो बेसिनवर ओणवा होऊन उमासे आवरत होता आणि ती मागे टॉवेल घेऊन उभी होती. त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. रागात त्याच्या कपाळावरची शीर नेमकी कुठे उठते ते तिला ठाऊक होतं. ती तिथेच बघत राहिली. चेन पुन्हा बंद झाली.

"साहेब?"

"हो," तो म्हणाला. "शिसारी अशी नाही आली अजून."

वैद्यबाईंनी चष्मा काढला. आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पर्सवरच्या बोटांकडे.

"बरं. उद्या एक दिवस आणखी देऊ तूप. त्यापुढे मात्र वाढवता येणार नाही, ताई. तेवढंच माझ्या हातात आहे."

दोघं जिना उतरली.

दुसऱ्या सकाळी वाटी आदल्या दिवसापेक्षा मोठी होती. वासानेच त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तरी एका दमात प्यायला. टेबलाची कड धरून, ओठ आवळून, आलेलं परत गिळून तो बसून राहिला. ती दारापाशी होती, एक पाय बाहेर.

मग त्याने रिकामी वाटी खाली ठेवली, इतकी हळू की ठेवल्याचा आवाजच आला नाही. ती अजून कान देऊन उभी होती.