पंपाचा रकाना

"गाडी सुटली का?" मी दारातूनच विचारलं.

"दहाला सुटणार." विभागप्रमुख बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "का हो, काय झालं?"

घड्याळात दहाला सात कमी होते. माझ्या हातात माझाच छापील तक्ता होता आणि तोंडचं पाणी पळालं होतं.

सत्तावीस वर्षं मी अवजड ट्रकच्या पाण्याचं गणित करतोय. इंजिन किती तापेल, रेडिएटर किती निववेल, हे गाडी रस्त्यावर जाण्याआधी संगणकावर मांडायचं. ऑफिसात मला 'पाणीवाले' म्हणतात. माझी हरकत नाही, घरी याहून वाईट म्हणतात. आज घाट उतरण्याच्या चाचणीला निघालेल्या या नव्या गाडीला रिटार्डर होता, म्हणजे उतारावर चाकांच्या ब्रेकना हात न लावता गाडी आवरून धरणारा जादा ब्रेक. गाडी आवरताना जी उष्णता होते, ती तो इंजिनच्याच पाण्यात सोडतो. पाणी फार तापलं, की स्वतःला वाचवायला जोर कमी करतो. मग चाळीस टन ओझं आणि चाकांचे ब्रेक यांनी आपसात काय ते बघून घ्यायचं.

फाइलला लावायला म्हणून तक्ता छापला आणि पंपाच्या रकान्यावर नजर अडकली. वरपासून खालपर्यंत एकच आकडा होता, मिनिटाला एकोणीसशे फेरे. तो चढावरचा होता. चढावर इंजिन जोरात फिरतं, म्हणून त्याच्या जोरावर चालणारा पाण्याचा पंपही जोरात फिरतो. उतारावर ड्रायव्हर वरचा गिअर टाकून येतो. इंजिन निवांत, पंपही निवांत, आणि रिटार्डर मात्र तापतोय. चढाचा रकाना मी उताराला तसाच चिकटवला होता.

बरं, मला ठाऊक नव्हतं म्हणायचीही सोय नाही. गाडीवर आज माझा मेव्हणा होता, आमचा चाचणी ड्रायव्हर. जेवताना त्यानेच कितीदा सांगितलं होतं, "उताराला मी वरच्या गिअरमध्ये येतो भाऊजी, आवाज नाही की कटकट नाही. पाण्याच्या तापमानाच्या काट्याकडे बघतसुद्धा नाही. तुम्ही काढलंय म्हटल्यावर काय बघायचं?"

ते ऐकून मी दरवेळी फुगायचो.

"चूक माझी आहे," मी बाईंना म्हणालो. "गाडी थांबवा."

"तुमचीच सही आहे ना यावर?"

"म्हणूनच सांगतोय."

त्यांनी पुढे एक शब्द विचारला नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मेव्हण्याचा फोन लागेना. माथ्यावरच्या चौकीचा लागला. "आत्ताच गेली की साहेब. पाच मिनिटं आधीच सोडली."

उतारावर फोनला रेंज नसते. मी जागेवर येऊन बसलो आणि रकाना दुरुस्त करून गणित पुन्हा चालवलं. दुसरं काय येतं मला? चौथ्या किलोमीटरला पाणी ब्याण्णव अंश. सहाव्याला शंभर. सात पूर्णांक तीनला रिटार्डर हात सोडणार होता. मी घड्याळ बघत होतो आणि गाडी कुठवर आली असेल ते पडद्यावर बघत होतो. जीव नुसता टांगणीला लागला होता.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. "तो दुपारी जेवायला येणार आहे ना? त्याचा फोन का लागत नाही?"

"येईल," मी म्हणालो. "उतारावर असेल."

इतकं साधं खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो, आणि त्यातलं निम्मं खरंच होतं.

दहा पंचवीसला खालच्या चौकीवरून मेव्हण्याचा आवाज आला. आवाज त्याचा वाटतच नव्हता.

"भाऊजी, रिटार्डरने एकदम सोडलं. ब्रेक दाबतोय, दाबतोय, नुसता धूर. शेवटी कडेच्या वाळूच्या पट्टीत घातली. गाडी आसापर्यंत रुतलीये. मोटरसायकलवाल्याने खाली आणून सोडलं."

"तुला लागलं का?"

"नाही." मग त्याने विचारलं, "तुमचा आकडा होता ना हो?"

"होता. चुकला. माझी चूक आहे."

गाडीतल्या यंत्राची नोंद संध्याकाळी आली. रिटार्डर सात पूर्णांक दोनला सुटला होता. बाई म्हणाल्या, "दुरुस्त केलेलं गणित अगदी बरोबर निघालं हो." कौतुकच होतं ते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अहवालात चुकीपुढे मी पूर्ण नाव लिहिलं.

तीन आठवड्यांनी तीच गाडी पुन्हा माथ्यावर नेली. या वेळी हट्टाने मी शेजारच्या सीटवर बसलो. खालचा गिअर टाकायचा, इंजिन फिरतं ठेवायचं, पाणी पळतं ठेवायचं, असं नव्या गणितात होतं आणि मेव्हणा तसंच करत होता. इंजिन बोंबलत होतं. सातवा किलोमीटर गेला. पाणी एक्क्याण्णववर स्थिर होतं, मी काढलं होतं तेवढंच.

"बरोबर आहे बघ," मी म्हणालो.

"हो, भाऊजी," तो म्हणाला. नेहमीच्याच आदराने म्हणाला. आणि पुढच्या वळणाला त्याने काट्याकडे पाहिलं. त्याच्या पुढच्या वळणालाही पाहिलं. खाली पोचेपर्यंत प्रत्येक वळणाला तो बघत होता.